एकशे वीसची घंटी

वादी कबीरच्या मागच्या गल्लीत
शंबे बलोचीच्या गॅरेजात
दोन गाड्या उभ्या आहेत, एका छपराखाली.
शंबे म्हणजे शनिवार, त्यानंच सांगितलं,
शनिवारी जन्मला म्हणून.
मला गाडी हवीय तीही तेवढ्यापुरतीच:
शुक्रवार, शनिवार.
बाकीचे पाच दिवस कंपनीची पिकअप आहे,
सिमेंटच्या वासाची.

डावीकडे मर्सिडीज. पंच्याऐंशीची.
कवडी दह्याचा रंग.
दार लावलं की तिजोरीसारखा आवाज होतो
आणि आपण आत काहीतरी ठेवलं असं वाटतं.
अशाच गाडीतून आमचा पहिला अरबाब उतरायचा.
मी नकाशाची गुंडाळी त्याच्या हातात द्यायचो
आणि काचेत माझंच हेल्मेट बघायचो.

उजवीकडे क्रेसिडा. शहाऐंशीची.
काकवीच्या रंगाची.
आत मखमल, मखमलीला सिगारेटचं एक भोक,
डिक्कीच्या कोपऱ्यात खजुराची बी.
सीबच्या विमानतळावरून मला आणलं
ते हिच्याच एका नारिंगी-पांढऱ्या बहिणीनं.
टॅक्सीवाला सगळी वाट बोलत होता,
मला एक शब्द कळला नाही.
उतरताना त्यानं हातावर एक वाळलेलं लिंबू ठेवलं.

महिनाभर मी वहीत दोन रकाने पाडतोय.
चोवीसशे रियाल. अकराशे रियाल.
शंबे म्हणतो, मर्सिडीजचा पार्ट यायला तीन आठवडे,
क्रेसिडाचा इब्रीतल्या पानटपरीवरही मिळेल.
(इब्रीत पानटपरी नाही. तो माझ्या सोयीनं बोलतो.)
तीन आठवडे म्हणजे तीन शुक्रवार.
व्हिसा संपायला उरलेत शहाण्णव.
कणकवलीला नेता येणार नाही ती,
स्टिअरिंग डावीकडे,
तिथं अंगण आहे, रस्ता नाही तिच्यासाठी.
तेव्हा हे लग्न नव्हे.
शहाण्णव दिवसांचा पाहुणचार.
पाहुणा कोण, तेवढं ठरत नाही.

हेमांगी सावलीत उभी, ओढणीनं वारा घेत.
"दोन म्हाताऱ्यांत कोण कमी कुरकुरते बघ,
आणि चल. दूध नासेल गाडीत."

लायसन्स तिच्याकडेही आहे.
पिंपांमधून गाडी उलटी घालताना
पाचदा नापास, सहाव्यांदा पास.
मग अकरा वर्षं पर्समध्ये,
ओळखपत्र म्हणून दाखवायला.
मी कधी विचारलं नाही.
तिनं कधी मागितली नाही.

आज ती सरळ जाऊन मर्सिडीजमध्ये बसली.
पाय पोचेनात. उतरली.
क्रेसिडात बसली,
सीट पुढे ओढली, कट्ट कट्ट कट्ट,
आरसा वळवला, आधी स्वतःकडे, मग मागे,
आणि हात पुढे केला: किल्ली.
शंबेपुढे. माझ्यापुढे नाही.

मी वही खिशात घातली.

मुलकिया तिच्या नावावर व्हायला पंधरा दिवस गेले.
आज उरलेत चौऱ्याण्णव,
आणि आम्ही कुरियातच्या पुढे आहोत.
समुद्र तिच्या बाजूला. ती बघत नाही.
माझ्या बाजूला डोंगर,
न सोललेल्या सुरणासारखे, एकामागून एक.
मांडीवर चिप्स घातलेला पराठा गार होतोय
आणि माझा उजवा पाय मॅटवर दाबलेला,
जिथं ब्रेक नाही तिथं.

शंभर. एकशे दहा.
हळू, मी म्हणतो.
काटा थरथरत आणखी थोडा सरकतो
आणि डॅशबोर्डाच्या आत कुठंतरी
चाळिशीला टेकलेली ती घंटी जागी होते,
टिंग टिंग टिंग,
भर दुपारी कुल्फीवाला गल्लीत शिरल्यासारखी.

"ही बंद कशी करायची?"

वेग कमी केला की होते बंद.

"मग राहू दे."